तळं कुणाचं, वही कुणाची? नवी मुंबईची खाडी, कोळंबीची शेती आणि माहितीचा अधिकार

ज्यांना लोकलच्या गर्दीत कानात हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, किंवा ऐकून झाल्यावर तारखा आणि कलमं नीट वाचायची आहेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.

आज सुरुवात दोन तारखांनी करू.

१५ जून २००५. या दिवशी माहितीच्या अधिकाराच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. ही गोष्ट शाळेच्या नागरिकशास्त्रात असते, त्यामुळे बऱ्याच जणांना माहीत असते.

२३ जून २००५. म्हणजे बरोबर आठ दिवसांनी आणखी एका कायद्यावर सही झाली. त्याचं नाव 'तटीय मत्स्यसंवर्धन प्राधिकरण कायदा'. साध्या भाषेत सांगायचं तर समुद्र आणि खाडीकाठच्या खाऱ्या, मचूळ पाण्यात कोळंबी किंवा मासे पाळायचे असतील, तर नोंदणी करा असं सांगणारा कायदा. ही सही फारशी कुणाच्या लक्षात नाही. मासळी बाजारात कोळंबीचा भाव करणाऱ्यालाही नाही.

आता बघा, एक कायदा म्हणतो, तळं असेल तर त्याची नोंद वहीत करा. दुसरा म्हणतो, सरकारी वही लोकांना बघू द्या. दोन्ही कायदे वेगवेगळ्या रस्त्यांनी आले, पण खाडीकाठच्या माणसासाठी ते एकाच ठिकाणी येऊन भेटतात. ते कसे, हे समजायला आधी नवी मुंबई नव्हती तेव्हाच्या काळात जायला लागेल.

शहराच्या आधीचं खाजण

वाशी, जुहूगाव, सारसोळे, करावे, दिवाळे, घणसोली, तळवली. आज ही नावं आपण रिक्षावाल्याला सांगतो. ती सगळी ठाणे खाडीच्या पूर्व काठावरची आगरी-कोळ्यांची गावं. खाली पनवेल, उरण, पेणपर्यंत हाच पट्टा जातो.

या पट्ट्यात जमीन आणि पाणी यांच्यामध्ये पक्की रेघ नव्हती. भरतीचं पाणी आत यायचं, ओहोटीला परत जायचं. लोकांनी पिढ्यान्पिढ्या मातीचे बांध घालून खारं पाणी अडवलं आणि आत भात लावला. बांधाला पाणी सोडण्याची एक झडप असायची, तिला म्हणायचं उघाडी. पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. पण उघाडीतून पाण्याबरोबर मासळीही ये-जा करते. त्यामुळे एकाच जागेतून भातही निघायचा आणि बोईट, कोळंबी, चिंबोरी, निवटीही मिळायची. कुठे मिठागरं होती, कुठे तिवरांचं जंगल.

आणि मग जिताडा! रायगडच्या माणसासमोर हे नाव काढा आणि त्याचा चेहरा बघा. बंगालमध्ये याच माशाला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. या माशाची गंमत अशी की तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. अंडी खारट पाण्यात घालतो आणि पिल्लं खाडीतून आत येतात. पेण, अलिबाग, पनवेल भागात लोक ही पिल्लं पकडून घराशेजारच्या तळ्यात सोडायचे, आजही सोडतात. दोन-चार वर्षांत मासा मोठा होतो. घरात लग्न असेल, जावई येणार असेल, एखाद्या मोठ्या माणसाकडे भेट न्यायची असेल, तेव्हा जिताडा काढायचा.

म्हणजे इथे मत्स्यशेती ही कुठल्या सरकारी योजनेने आणलेली नवी गोष्ट नाही. 'मत्स्यसंवर्धन' हा शब्द फाइलीत यायच्या कितीतरी आधी ती इथल्या परसात होती. फक्त कागदावर नव्हती. सातबाऱ्यावर भाताचं पीक लागायचं. उघाडीत मिळणाऱ्या कोळंबीचा रकाना त्यात नव्हता, आणि खाडीत जाळं टाकण्याच्या हक्काचा तर नव्हताच.

कागदाने काय मोजलं?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ मध्ये खारभूमीचा कायदा केला. पुढे महाराष्ट्राने १९७९ मध्ये खार जमीन विकासाचा नवा कायदा आणला. हेतू चांगला होता. बांध फुटून शेतं खारवू नयेत म्हणून सरकारने बांधबंदिस्तीत लक्ष घालायचं. पण या कायद्यांची नजर शेतकऱ्याची. खारं पाणी शेताबाहेर ठेवणं हेच त्यांचं काम. त्याच पाण्यातून येणाऱ्या मासळीवर जगणारं घर त्या नजरेत दुय्यम राहिलं.

मग आलं १९७०. १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि रायगड, म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा, इथल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर वसवायचं ठरलं. साधारण ३४४ चौरस किलोमीटरचा नकाशा. आपण आज ज्याला नोड, सेक्टर म्हणतो ते सगळं या नकाशातून आलं.

भूसंपादनाचा मोबदला हा मोठा संघर्ष होता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना मिळाली. संपादित केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनमालकाला परत द्यायचा.

हा विजय मोठा होता, त्यात शंका नाही. पण त्याचं गणित कशावर चाललं? जमिनीच्या क्षेत्रफळावर. सातबारा दाखवा, क्षेत्र सांगा, टक्केवारी काढा. खाडीला सातबारा नसतो. ज्या पाण्यात आजोबा डोल लावायचे, ज्या चिखलात आजी निवटी आणि कालवं गोळा करायची, ते पाणी आणि तो चिखल कुणाच्या नावावर? कागद म्हणणार, सरकारच्या. मग भराव पडला, बंदर आलं, पूल आले, की नुकसान कुणाचं झालं हे सिद्ध करायलाच कागद नाही.

या प्रश्नाला किती उशिरा तोंड फुटलं ते बघा. उरण, गव्हाण भागातले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ ला लवादाने आदेश दिला: जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत. सिडको स्थापन झाल्याला तेव्हा ४५ वर्षं झाली होती! आकड्यापेक्षा त्यामागचा विचार महत्त्वाचा. मासेमारीचा हक्क हा मालमत्तेसारखाच मोजता येतो आणि तो गेला तर भरपाई द्यावी लागते, हे कागदावर आलं. पण त्यासाठी आधी १,६३० कुटुंबं मोजावी लागली. यादीत नाव असेल तरच माणूस 'बाधित'.

हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट यादीचीच आहे.

कोळंबीचा सोन्याचा भाव आणि सुप्रीम कोर्ट

आता थोडा वेळ नवी मुंबई सोडून पूर्व किनाऱ्यावर जाऊ, कारण आपल्या खाडीला लागू होणारा कायदा तिथल्या भांडणातून जन्माला आला.

१९९० च्या आसपास आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीची लाट आली. जपान, अमेरिका, युरोपला टायगर कोळंबी हवी होती. पैसा दिसला आणि कंपन्या उतरल्या. भाताची शेतं खोदून तळी झाली. समुद्राचं पाणी पंपाने आत घ्यायचं, खाद्य आणि औषधं टाकायची, घाण पाणी परत खाडीत सोडायचं. शेजारच्या शेतकऱ्याची जमीन खारवली, विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, आणि कोळ्यांना किनाऱ्यावर जायची वाट कुंपणाने अडली.

तामिळनाडूतले गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने पाहणी करायला सांगितलं ते आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेला. नीरीच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर फिरून अहवाल दिला. त्याचा सार असा, की या धंद्यातून जेवढं मिळतं त्यापेक्षा समाजाचं आणि निसर्गाचं नुकसान जास्त आहे.

११ डिसेंबर १९९६ ला निकाल आला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि एस. सगीर अहमद. किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेडमध्ये पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धत सोडून बाकीची कोळंबीची तळी ३१ मार्च १९९७ पर्यंत काढून टाका! पारंपरिक पद्धत वाचली हे महत्त्वाचं. भरतीबरोबर पिल्लं येतात, उघाडीत अडतात, वाढतात, काढतात. आपल्या खाजणात लोक जे करत होते त्याच जातीची पद्धत कोर्टाने बाजूला काढून वाचवली.

मग काय, झाली तळी उद्ध्वस्त? नाही. फेरविचार याचिका आल्या, निर्यातीचा पैसा आणि हजारोंचा रोजगार यांचा प्रश्न उभा राहिला. दरम्यान कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने १९९७ मध्ये एक मत्स्यसंवर्धन प्राधिकरण नेमलं. आणि आठ वर्षांनी संसदेने कायदाच केला. तोच तो २३ जून २००५ चा.

बुलडोझर गेला, वही आली

या कायद्यात एक कलम आहे, सत्ताविसावं. ते छोटं आहे, पण त्याने इतिहास उलटा फिरवला. किनारा नियमनाची मूळ अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. २००५ च्या कायद्याने त्या अधिसूचनेतच बदल केला, तोही मागच्या तारखेपासून, आणि मत्स्यसंवर्धनाला तिच्या बंदीतून बाहेर काढलं. म्हणजे कोर्टाने ज्या नियमाच्या जोरावर तळी पाडायला सांगितली होती, तो नियम जणू या तळ्यांना कधी लागूच नव्हता!

हे चूक की बरोबर, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. रोजगार खरा होता, निर्यातही खरी होती. पण या सवलतीच्या बदल्यात समाजाला काय मिळालं ते बघू या. मिळाली नोंदणी.

कायदा सांगतो: खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात मत्स्यसंवर्धन करायचं तर प्राधिकरणाकडे नोंदणी हवीच. प्राधिकरणाचं मुख्यालय चेन्नईला. अर्ज मात्र जिल्ह्यात करायचा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे. दोन हेक्टरपर्यंतचं तळं असेल तर जिल्हा पातळीवर तपासणी, त्याहून मोठं असेल तर राज्य पातळीवरची समितीही बघणार. नोंदणी पाच वर्षांची. २००५ च्या मूळ कायद्यात नवीन तळं भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत चालत नव्हतं, आणि सीआरझेडमधल्या खाडीत, नदीत तर नाहीच. विनानोंदणी धंदा केला तर तेव्हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती.

थोडक्यात, १९९६ मध्ये खाडीकाठच्या माणसाचं संरक्षण 'तळं नको' या आदेशात होतं. २००५ नंतर ते 'तळं कुठे आहे, केवढं आहे, कुणाचं आहे, हे वहीत लिहिलेलं आहे' एवढ्यावर आलं. बुलडोझरच्या जागी नोंदवही आली.

आणि नोंदवहीने संरक्षण कधी होतं? ती उघडून बघता आली तर. कपाटात बंद असेल, तर अंतर मोजलं की नाही हे फक्त मोजणाऱ्याला आणि तळेवाल्याला माहीत.

दुसरा रस्ता: सांगा, कागदावर काय आहे?

आता दुसऱ्या कायद्याकडे. सरकारी कागद हे सरकारचे, लोकांचे नाहीत, ही सवय इंग्रजांची. १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा त्याचं चिन्ह. स्वातंत्र्यानंतरही ती सवय गेली नाही.

राजस्थानात नव्वदच्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाई घेतली. हजेरीपट मोठ्याने वाचायचे. नाव वाचलं की लोक म्हणायचे, अरे हा तर मेलेला माणूस, याच्या नावाने मजुरी कुणी घेतली? म्हणजे तिथेही मुद्दा यादीचाच! १९९७ मध्ये तामिळनाडू आणि आपल्या शेजारच्या गोव्याने स्वतःचे माहिती कायदे केले. महाराष्ट्राने २००० मध्ये एक कायदा केला, पण तो अगदीच दुबळा होता. अण्णा हजारेंच्या आंदोलनाने दबाव आला, २००२ मध्ये नवा अध्यादेश निघाला, आणि ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण चालू असताना त्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या माणसाला अर्ज करायची सवय आधीच लागलेली होती.

या कायद्यातलं आपल्याला माहीत असलेलं कलम म्हणजे 'अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर'. पण त्याआधीचं एक कलम आहे, चौथं, आणि ते जास्त मोलाचं आहे. ते म्हणतं, १७ प्रकारची माहिती सरकारी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची. कुणी मागायची वाट बघायची नाही. त्या सतरातल्या दोन बाबी आपल्या कामाच्या. एक, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, पैसे किती, लाभार्थी कोण. दोन, कार्यालयाने ज्यांना परवाने, सवलती, अधिकारपत्रं दिली त्यांचा तपशील.

आता जोडा दोन्ही टोकं. कोळंबीच्या तळ्याची नोंदणी म्हणजे काय? सरकारने दिलेलं अधिकारपत्र. पिंजऱ्यातल्या मत्स्यशेतीला मिळालेले पैसे म्हणजे काय? अनुदान. म्हणजे हे दोन्ही, कायद्याच्या अक्षराप्रमाणे, मुळात मागावंच लागायला नको.

आजचं चित्र: पैसा वाढला, शिक्षा गेली, नावं धूसर

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा विषय छोटा राहिलेला नाही. २००९ पासून व्हेनामी ही अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची कोळंबी आपल्याकडे पाळायला परवानगी मिळाली आणि तिने टायगरला मागे टाकलं. आज हॉटेलात पोळीबरोबर येणाऱ्या कोळंबी मसाल्यात बऱ्याचदा तीच असते. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, पाच वर्षांसाठी २०,०५० कोटींचा आराखडा घेऊन. वैयक्तिक लाभार्थ्याच्या प्रकल्पात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात हा हेतू. तळं राखणाऱ्या छोट्या माणसाला याचा खरंच उपयोग आहे.

पण याच काळात दुसऱ्या बाजूला काय झालं?

२०२३ मध्ये तटीय मत्स्यसंवर्धन कायदा बदलला. हॅचरी, समुद्रातले पिंजरे, समुद्री शेवाळाची शेती, सगळं त्याच्या कक्षेत आलं. आणि कैदेची तरतूद काढून टाकली. आता नियम मोडला तर दंड.

नोव्हेंबर २०२५ मध्ये माहिती अधिकारातलं 'वैयक्तिक माहिती'चं कलम बदललं. आधी काय होतं? वैयक्तिक माहिती नाकारता यायची, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक लोकहित असेल तर द्यावी लागायची. आता त्या कलमात सरळ 'वैयक्तिक माहिती' एवढंच राहिलं. लोकहितासाठी माहिती देता येईल असं सांगणारं वेगळं उपकलम अजून आहे, आणि चौथं कलमही जागेवर आहे. पण अधिकाऱ्याला नकार देणं सोपं झालं हे खरं. 'लाभार्थ्याचं नाव? ती वैयक्तिक माहिती आहे' असं उत्तर आलं तर नवल वाटायला नको.

आता क्रम बघा. १९९६: तळं पाडा. २००५: पाडू नका, नोंद करा, नोंद नसेल तर तुरुंग. २०२३: तुरुंग नको, दंड पुरे. २०२५: नोंदीतलं नाव मागितलं तर नकार सोपा. प्रत्येक पायरीवर संरक्षण थोडं थोडं त्या वहीच्या पानांवर ढकललं गेलं, आणि आता पानावरच हात येतोय.

नाव बदललं की नशीब बदलतं

तुम्ही म्हणाल, आपल्या सीवूड्स-नेरुळ-उलव्यात कुठे आली कोळंबीची शेती? बरोबर आहे. पण मुद्दा फक्त कोळंबीचा नाही, पाण्याच्या नावाचा आहे.

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा खाली आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीचे होल्डिंग पॉन्ड, म्हणजे धारण तलाव बांधले. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तळ्यात थांबणार, ओहोटीला खाडीत सोडणार. ओळखीचं वाटतं ना? आपली उघाडीच ती, फक्त सिमेंटची. पुढे या तळ्यांत गाळ साचला, तिवरं उगवली. आसपासच्या पाणथळींत फ्लेमिंगो येतात, ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ.

अशा एखाद्या पाण्याला सरकारी कागदात काय नाव आहे, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम सांगतात, की पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मनोरंजनासाठी, मिठासाठी किंवा मत्स्यसंवर्धनासाठी मुद्दाम बांधलेली तळी 'पाणथळ' धरली जाणार नाहीत. म्हणजे खाडीकाठचं एकच पाणी. वहीत ते नैसर्गिक पाणथळ असेल तर एक कायदा, मिठागर असेल तर दुसरा, मत्स्यतळं असेल तर तिसरा. ते पाणी तिथल्या बगळ्याला सारखंच आहे, जाळं टाकणाऱ्या करावे गावच्या काकांनाही सारखंच आहे. फरक पडतो तो कागदावरच्या शब्दाने.

म्हणून मत्स्यशेतीची नोंद उघडी असणं हे नुसतं अनुदानातले घोटाळे पकडायला नाही. जे पाणी पिढ्यान्पिढ्या सगळ्यांचं होतं ते आता कोणत्या नावाने, कुणाच्या नावाने लिहिलंय, हे कळण्याचा तो मार्ग आहे. आणि उलटंही खरं. ज्या घराने तीन पिढ्या जिताडा पाळला, त्यांचं तळं कुठल्याच वहीत नसेल, तर उद्या भरपाईच्या यादीतही ते घर नसणार. १,६३० मध्ये मोजलं जाणं किंवा न जाणं, एवढा हा फरक.

मग करायचं काय?

आपला कार्यक्रम इतिहासाचा, पण दरवेळी मेसेज येतात की 'हे झालं, आता आम्ही काय करू?' म्हणून थोडक्यात.

आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर कलम ४ ची माहिती बघा. लाभार्थ्यांची यादी, परवान्यांचा तपशील आहे का? शेवटचा कधी बदललाय?

नसेल तर अर्ज. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. म्हणून निबंध लिहू नका. 'असं का केलं?' असं विचारू नका, कारण 'का'चं उत्तर फाइलीत नसेल तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा. उदाहरणार्थ: 'अमुक तालुक्यातील नोंदणीकृत तटीय मत्स्यसंवर्धन तळ्यांची यादी, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, नोंदणीची तारीख आणि भरतीरेषेपासूनच्या अंतराच्या पाहणी अहवालाची प्रत.' बघा, यात कुणाचा मोबाइल नंबर नाही, आधार नाही, बँक खातं नाही. जागा आणि क्षेत्र विचारलं की 'वैयक्तिक' म्हणून नाकारणं अवघड जातं.

प्रत नको असेल तर प्रत्यक्ष फाइल बघायचीही मागणी करता येते. कार्यालय चुकलं तरी घाबरू नका. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं हे त्यांचं काम.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. आणि आयोगाचं कोकण खंडपीठ कुठे बसतं? आपल्या सीबीडी बेलापूरला, कोकण भवनात! ठाणे, रायगडच्या माणसाला मंत्रालयापर्यंतही जायला नको. विनाकारण माहिती अडवली तर आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड करू शकतो. हे होतं का? क्वचित होतं. अपिलं रखडतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण अर्जाची पोच आणि नकाराचं पत्र हेसुद्धा कागदच असतात, आणि खाडीकाठच्या गावांना कागद नसण्याचीच किंमत आजवर मोजावी लागली आहे.

तुमच्या गावात, नोडमध्ये असं एखादं तळं, खाजण, जुनी उघाडी आहे का? घरातल्या मोठ्यांना विचारा त्याला आधी काय म्हणायचे, तिथे काय मासळी मिळायची, आणि आज त्याच्या पाटीवर काय लिहिलंय. दोन्ही नावं आम्हाला कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात मिठागरांबद्दल बोलणार आहोत, तेव्हा त्यातली काही नक्की वाचून दाखवू.

तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू!